विषाची परीक्षा

‘विषाची परीक्षा पाहूं नये’ असें आपल्याकडे वडील माणसें सांगत आलीं आहेत. ज्या प्रयोगाचा निकाल कळेपर्यंत प्रयोग करणाराच शिल्लक उरावयाचा नाहीं, त्याच्या वाटेस जाऊं नये, इतकाच त्या सांगण्याचा अर्थ. परंतु बारकाईनें पाहिलें असतां या साध्या बोलांत एक गोष्ट गृहीत धरलेली आढळते. ती ही कीं, परीक्षा घेणारा आणि विष घेणारा हे दोघे एकच. आजच्या जगांत तसें राहिलेलें नाहीं. विष मोजतो एक, त्याची मर्यादा ठरवितो दुसरा, ती मर्यादा पाळली गेल्याची चिठ्ठी डब्यावर चिकटवितो तिसरा, आणि तो डबा उघडून मुलाच्या तोंडांत घांस घालते ती चौथीच कोणी. या चौघांचें परस्परांशीं नैतिक देणेंघेणें काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आणि तो आम्हांस अशा एका घांसावरूनच सुचला असल्यामुळें तेथूनच आरंभ करतों.

आमची धाकटी कन्या अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत राहते. तिच्या मुलीला सहावा महिना लागून उष्टावणाचा दिवस ठरला, तेव्हां एका रात्रीं तिनें फोनवरून विचारलें, “बाबा, तांदळांत आर्सेनिक असतें म्हणे. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या कीं, बाळाला नुसत्या तांदळाच्या पिठावर ठेवूं नका. मग खीर करूं कीं नको?” आम्ही हंसलों. आमचें बालपण रत्नागिरीकडे गेलेलें. सकाळीं उकड्या तांदळाची पेज आणि तोंडीं लावावयास लोणच्याची फोड, हा आमच्या घरचा नित्याचा क्रम. “अग, पांच पिढ्या पेजेवर वाढल्या,” असें आम्हीं तिला सांगितलें, “खुशाल खीर कर, कांहीं होत नाहीं.” तिचें समाधान झालें. आमचें मात्र झालें नाहीं, आणि तें कां झालें नाहीं हें उमगावयास दोनतीन दिवस गेले. एखादी गोष्ट ठाऊक नसतांना जें उत्तर सर्वांच्या आधीं तोंडावर येतें तें बहुधा धीर देणारें असतें. आम्हीं तर आयुष्याचीं तीस वर्षें विद्यार्थ्यांना ‘पुरावा काय?’ असें विचारण्यांत घालविलेलीं! पांच पिढ्या वाढल्या हें खरें. पण त्या पिढ्यांत कोण कशानें गेला याची नोंद आमच्या घरीं कोणी ठेविली होती?

म्हणून आम्ही वाचावयास बसलों. आर्सेनिक हें नांव परकें असलें तरी वस्तु आपल्या ओळखीची आहे. गंधकाशीं तिचा संयोग होऊन जें पिवळें खनिज बनतें तो आपला हरताळ, जें तांबडें बनतें ती मनशीळ, आणि जी पांढरी, वासहीन पूड रहस्यकथांतून मृत्युपत्रांच्या भानगडींत वावरते तो सोमल. पोथ्या लिहिणारे आपले पूर्वज चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा हात फिरवून तें बुजवीत, व त्यावरूनच ‘हरताळ फासणें’ हा प्रयोग मराठींत रूढ झाला. पृथ्वीच्या कवचांत हें द्रव्य सर्वत्र विखुरलेलें आहे, त्यामुळें धान्यांत व भाज्यांत तें थोडेंबहुत उतरावयाचेंच. तांदळांत मात्र तें गव्हाच्या कितीतरी पट उतरतें, आणि त्याचें कारण मोठें मौजेचें आहे. भाताचें शेत पाण्याखालीं उभें असतें. चिखलांत हवा पोंचेनाशी झाली म्हणजे मातींतील लोखंडाचा गंज विरघळूं लागतो, आणि त्या गंजाला चिकटून बसलेला सोमल मोकळा होतो. इकडे भाताच्या मुळांना वाळूंतील सिलिकाची भारी ओढ. काडी ताठ राहावी म्हणून भात तें द्रव्य अधाशासारखें ओढून घेतो. बुडालेल्या चिखलांतील सोमलाची घडण या विरघळलेल्या सिलिकाशीं इतकी मिळतीजुळती असते कीं, मुळांच्या दारावर दोघांत भेदच होत नाहीं. हीं दारें कोणतीं तें जपानी शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं दाखवून दिलें. 

शिवाय हा सोमल दाण्याच्या गाभ्यापेक्षां कोंड्यांत अधिक सांठतो. म्हणजे पांढऱ्याशुभ्र सडीक तांदळापेक्षां हातसडीच्या तांदळांत तो जास्त. आमच्या महाविद्यालयांतील एक गृहस्थ गेलीं वीस वर्षें हातसडीच्या तांदळाचा उपदेश करीत आले आहेत. ही गोष्ट आम्हीं त्यांच्या कानावर घातली तेव्हां त्यांना इतका राग आला कीं, जणूं सोमल आम्हींच घातला!

एका घांसानें कोणी मरत नाहीं. हा रोग घांसाचा नसून वर्षांचा आहे. निरिंद्रिय स्वरूपांतील सोमल थोडाथोडा पण वर्षानुवर्षें पोटांत जात राहिला म्हणजे कातडीवर डाग पडतात, तळहात व तळपाय राठ होतात, आणि पुढें कातडीचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कर्करोग होण्याचा संभव वाढतो. बाळाची गोष्ट आणखी नाजुक. शरीराच्या वजनाच्या मानानें तान्हें मूल मोठ्या माणसाच्या सुमारें तिप्पट तांदूळ खातें, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा हिशेब आहे. त्या खात्यानें बाळांच्या तांदळाच्या पिठांत किलोमागें १०० मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक निरिंद्रिय सोमल असूं नये अशी मर्यादा २०२० सालीं घालून दिली; युरोपीय संघानें बाळांच्या अन्नासाठीं वापरावयाच्या तांदळावर तेवढीच मर्यादा २०१६ पासूनच लागूं केली होती. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहालक्षावा अंश.

आतां आमच्यासारख्या वाचकाच्या मनांत साहजिक असें येतें कीं, या शंभराच्या अलीकडे आरोग्य व पलीकडे रोग असें कांहीं निसर्गानेंच ठरवून दिलेलें असावें. या समजुतीला मोठा आधार आहे. वस्तु विष ठरते ती प्रमाणानें, स्वरूपानें नव्हे, हा सोळाव्या शतकांतील पॅरासेल्ससचा सिद्धान्त वैद्यकाच्या पायाशीं आहे; आणि आपल्या भाषेनें तर ‘मात्रा’ या एकाच शब्दांत प्रमाण व औषध हे दोन्ही अर्थ एकत्र नांदविले आहेत. खुद्द सोमलानेंही औषधाचें काम केलें आहे. पेनिसिलिन येण्यापूर्वीं उपदंशावर जें साल्व्हार्सन देत तें सोमलाचेंच, आणि रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर तो आजही देतात. पण दीर्घकाळच्या सेवनानें उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या बाबतींत ज्याच्या खालीं धोका शून्य, असें प्रमाण शास्त्रज्ञांना निश्चितपणें दाखवितां आलेलें नाहीं. अन्न व कृषि संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीनें सोमलाचें एक आठवड्याचें सह्य प्रमाण पूर्वीं ठरविलें होतें. तें आतां रक्षण करण्यास पुरेसें नाहीं असें म्हणून तिनें तें २०१० सालीं मागें घेतलें, आणि त्याच्या जागीं दुसरें ठेविलें नाहीं. म्हणजे समितीनें आपल्याच आंकड्यावर हरताळ फासला व जागा कोरी सोडली.

मग आंकडे येतात कोठून? पिण्याच्या पाण्याचाच इतिहास पाहावा. अमेरिकेंत १९४२ पासून लिटरमागें ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा होती. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९३ सालीं ती १० वर आणली, पण तीही ‘तात्पुरती’ म्हणून. कारण त्याहून कमी सोमल मोजणें व काढून टाकणें व्यवहारांत कठीण पडतें. अमेरिकेंत १० ची मर्यादा प्रत्यक्ष अमलांत यावयास २००६ साल उजाडलें. बांगलादेशानें ५० हीच ठेविली आहे. आणि भारताच्या पाण्याविषयींच्या मानकांत २०१२ सालीं दोन स्तंभ होते. पहिल्यांत स्वीकार्य मर्यादा १० अशी दिलेली. दुसऱ्यांत, पाण्याचें पर्यायी साधन नसल्यास, ५०. ही दुसरी सवलत २०१५ च्या दुरुस्तीनें काढून टाकली.

‘पर्यायी साधन नसल्यास’ हे तीन शब्द वाचून आम्ही पुस्तक मिटून बसलों. ज्याच्या गांवीं दुसरी विहीर आहे त्याच्या देहाला दहाच्या वर अपाय, आणि ज्याच्या गांवीं ती नाहीं त्याच्या देहाला पन्नासापर्यंत चालावयाचें! दारिद्र्यानें माणसाचें यकृत बळकट होत असल्याचें कोणत्याही वैद्यानें लिहून ठेविलेलें नाहीं. तथापि पहिला संताप ओसरल्यावर आम्हांला असें वाटूं लागलें कीं, सगळ्या आंकड्यांत खरें बोललेला हा एकच आंकडा असावा. दुसऱ्या मर्यादा शास्त्राचा पोषाख घालून येतात. हिनें तो उतरवून ठेविला होता. विष किती वाईट एवढेंच कोणतीही मर्यादा सांगत नसते. विष नाकारलें तर हातांत दुसरें काय उरतें, हेंही तींत मोजलेलें असतें. फक्त तें मोजमाप तळटीपेंतही दिसत नाहीं. सवलत कागदावरून गेली म्हणून ज्या गांवीं दुसरी विहीर नव्हती तेथें ती उगवली असें नाहीं.

आणि समितींतील मंडळींनीं तरी काय लिहावयाचें होतें? बंगालची कथा या प्रश्नाचें अर्धेंमुर्धें उत्तर देते. गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या गाळानें बनलेल्या त्या भूमींत लोक तळ्यांचें व पुष्करिणींचें पाणी पीत, आणि पटकी व अतिसार यांनीं मुलें मरत. १९७० नंतर युनिसेफ व बांगलादेशाचें सरकार यांनीं हातपंपाच्या नळविहिरींचा पुरस्कार केला. पुढें लोकांनीं स्वतःच्या पैशानें लाखों खोदल्या. पाणी स्वच्छ, थंड, जंतुरहित. त्यांत सोमल असेल अशी कोणास शंकाही नव्हती. पश्चिम बंगालमध्यें १९८३ च्या सुमारास कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनीं खेड्यांतून येणाऱ्या रोग्यांच्या कातडीवरील डागांचें निदान केलें; बांगलादेशांत चांपाई नवाबगंज येथें १९९३ सालीं सोमल सांपडला. ही इतिहासांतील सर्वांत मोठी सामुदायिक विषबाधा होय, असें जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत २००० सालीं छापून आलें. मग सुमारें पन्नास लाख विहिरी तपासल्या. पन्नासाच्या वर सोमल असलेल्या विहिरीच्या नळास तांबडा रंग, खालीं असलेल्या विहिरीस हिरवा. चौदा लाखांवर विहिरी तांबड्या झाल्या. ज्या विहिरींत एकूणपन्नास निघाले तिचा नळ हिरवाच रंगला, आणि शेजारची एक्कावन्नाची तांबडी. पाणी भरणाऱ्या सुनेला दिसतो तो रंग. आंकडा कोणाला दिसतो? आणि ज्यांनीं तांबड्या नळाच्या भयानें जवळची विहीर सोडली त्यांच्या घरीं मुलांचे मृत्यु वाढले, असा निष्कर्ष कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं पुढें काढला. कारण दुरून आणलेलें वा सांठविलेलें पाणी पुन्हां जंतूंनीं भरलेलें. दुधानें पोळलेला ताक फुंकून पितो हें ठीक. पण तहानलेल्यानें ताकच टाकून दिलें तर?

याच विहिरींवरून एक खटला झाला. ब्रिटनच्या भूशास्त्रीय संस्थेनें १९९२ सालीं बांगलादेशांतील कांहीं विहिरींच्या पाण्याचें पृथक्करण केलें होतें. त्यांत अनेक द्रव्यें शोधलीं. सोमल शोधला नव्हता. एका बाधित ग्रामस्थाच्या वतीनें असा दावा लावला गेला कीं, या अहवालामुळें पाणी निर्धोक असल्याचा समज पसरला. इंग्लंडच्या उमराव-सभेनें २००६ सालीं तो फेटाळला. संस्थेनें जें सांगितलें त्याची जबाबदारी तिजवर; जें सांगितलेंच नाहीं त्याची नाहीं, आणि त्या ग्रामस्थाशीं तिचा असा कोणताही संबंध नव्हता कीं ज्यांतून कर्तव्य निपजावें, असा न्यायाधीशांच्या म्हणण्याचा मथितार्थ. कायद्याच्या दृष्टीनें तो बरोबर असेल, त्यांत आम्ही शिरत नाहीं. धर्मराज अश्वत्थाम्याच्या नांवाबरोबर जें पुटपुटला तेंही शब्दशः खरेंच होतें, तरी जमिनीपासून चार अंगुळें वर चालणारा त्याचा रथ खालीं टेकलाच. महाभारतकारानें रथाचा न्याय न्यायासनाहून वेगळा मानला आहे, एवढेंच आम्हांस येथें नमूद करावयाचें आहे.

मौनाहून सोंवळा असा आणखी एक मार्ग आहे, आणि विद्वानांस तो विशेष प्रिय. ‘सोमलाचें कोणतेंही प्रमाण निर्धोक नाहीं’ असें म्हणून मोकळें होणें. हें विधान खोटें आहे असें आमच्यानें म्हणवत नाहीं. परंतु तें कोणाच्या रक्षणासाठीं केलेलें असतें? नदिया जिल्ह्यांतील जो शेतमजूर दोन्ही वेळां भातच खातो त्याला हें वाक्य ऐकून करतां येण्याजोगें कांहींच उरत नाहीं. बोलणारा मात्र उद्यां कांहीं झालें तरी सुटतो. ‘कांहीं होत नाहीं’ म्हणणारे आम्ही आणि ‘कांहींच निर्धोक नाहीं’ म्हणणारा तो पंडित, दोघांनींही आपआपली झोंप तेवढी सांभाळली. ‘निर्धोक’ हा शब्द वस्तूचें वर्णन करतो असें वरवर वाटतें. खरें पाहतां तो एकानें दुसऱ्याला दिलेला शब्द असतो. ‘माझ्या भरंवशावर हें खा’ असें म्हणणाऱ्यानें खाणाराच्या पानांत आणखी काय वाढलेलें आहे, तें पाहावयास नको काय?

पानाचीच गोष्ट निघाली म्हणून एक लहानसा हिशेब मांडतों. सडलेल्या तांदळांत किलोमागें २०० मायक्रोग्रॅमपर्यंत निरिंद्रिय सोमल चालेल, असें आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनें २०१४ सालीं ठरविलें. (युरोपानें आपल्यापुरता हा आंकडा २०२३ सालीं १५० वर आणला.) दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खाणाराच्या पोटांत या मर्यादेच्या आंतील तांदळांतूनही ८० मायक्रोग्रॅम जाऊं शकतात. दहाच्या मर्यादेंतील दोन लिटर पाण्यांतून जातात वीस. म्हणजे पाण्याच्या दारावर जो पहारा बसविला त्याच्या चौपट माल धान्याच्या दारानें कायदेशीर रीतीनें आंत येऊं शकतो. सगळाच तांदूळ त्या टोंकाला पोंचलेला नसतो, हें मान्य. पण आंकडा मांडणाराच्या डोळ्यांपुढें कोणाचें पान होतें, हा प्रश्न राहतोच. आठवड्यांतून दोनदां हौसेनें भात खाणाराला २०० ची मर्यादा पुष्कळ सैल नाहीं. तीच रेघ पूर्व बंगालच्या ताटावर ओढली म्हणजे तिचा अर्थ बदलतो, आणि रेघ तर तीच असते.

आम्हीं कन्येला पुन्हां फोन केला. उष्टावणाला खीर अवश्य कर, एका दिवसाच्या खिरीनें कांहीं बिघडत नाहीं. परंतु पुढें रोज तांदूळ नको. कधीं नाचणीचें सत्त्व दे, कधीं ओट्स दे. आणि भात करशील तेव्हां तांदूळ धुऊन पुष्कळ पाण्यांत शिजव व तें पाणी वेळून काढ. स्वच्छ पाण्यांत असें केल्यानें निम्म्याच्या आसपास सोमल निघून जातो, थोडीं जीवनसत्त्वेंही जातात. ‘वेळून’ हा शब्द तिला समजला नाहीं. तिच्या घरीं भात विजेच्या भांड्यांत होतो. त्यांत पाणी आटतें, सोमल राहतो. आमच्या आईची भोंकें असलेली पितळी वेळणी, ती भांड्यावर धरून फडक्यानें तपेलें उपडें करण्याची तिची हातोटी, हें सर्व सांगतां सांगतां आमच्या लक्षांत आलें कीं, तें वेळलेलें पाणी त्या घरीं कधीं वायां जात नसे. त्यांत मीठ व तुपाचा थेंब घालून तें आजाऱ्याला, बाळंतिणीला, तान्ह्याला पाजीत. बंगालमध्यें याला फेन म्हणतात. १९४३ च्या दुष्काळांत कलकत्त्याच्या रस्त्यांवर उपाशी माणसें दारोदार हिंडत तीं भात मागत नव्हतीं. ती आशा त्यांनीं सोडलेली होती. तीं फेन मागत होतीं.

“मग बाबा, तें पाणी काय करायचें?” कन्येनें विचारलें.

“ओतून टाक,” आम्हीं म्हटलें. तिच्या घरीं तें ओतून टाकतां येतें.

“हें तुम्हीं पहिल्यांदाच कां नाहीं सांगितलें?”

“तेव्हां ठाऊक नव्हतें.”

“मग तसें म्हणायचें होतें ना,” ती म्हणाली, आणि बाळ रडूं लागल्यामुळें तिनें फोन ठेविला.